तार कुठून येते

दसरा उलटला की रायपुरातल्या भनपुरीच्या हवेत धान उकडल्याचा वास येऊ लागतो. उसना तांदूळ करण्यासाठी राइस मिलमध्ये धान आधी वाफवतात, त्याचा हा वास. थोडा आंबूस, थोडा ओल्या पोत्यासारखा. बाहेरून बदलून आलेले लोक नाकाला रुमाल लावतात. मला मात्र या वासाने सकाळ नीट सुरू झाल्यासारखी वाटते. कूलर पुसून, चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे हे दिवस. नव्या धानाच्या लोंब्यांची झालर दारावर टांगायचे दिवस, चिमण्यांसाठी. ही रीत इथली. विदर्भातल्या आमच्या घरात ती नव्हती. आईने रायपुरात आल्यावर ती उचलली आणि मग कधी सोडली नाही.

यंदा झालर बांधायला मी स्टुलावर चढले तेव्हा आई खालून म्हणाली, "उंच नको बांधू वो. तुह्या बाबाले दिवाणावरून दिसत नाही."

बाबांना जाऊन दहा महिने झाले आहेत. मी स्टुलावरून उतरले आणि झालर खालीच बांधली.

मी जिथे काम करते तिथे इलेक्ट्रिक पॅनल तयार होतात. पॅनल म्हणजे लोखंडी कपाट, ज्यातून मिलच्या सगळ्या मोटारी चालू-बंद होतात. नवं धान यायच्या आधी प्रत्येक मिलवाल्याला आपलं पॅनल तयार हवं असतं, म्हणून दिवाळीच्या अलीकडचे पाच-सहा आठवडे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याला सगळे नुसतं 'सीझन' म्हणतात. "सीझन के बाद देखेंगे," असं म्हणून लोक लग्नाची बोलणीसुद्धा पुढे ढकलतात. मी चौदा सीझन पाहिले. त्यातले तेरा एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक तेवढा वेगळा राहिला, तीन वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी आमच्या सेठजींनी ठरवलं की आता सपाट ड्रॉइंग बंद, सगळं काम नव्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं. पॅनल आधी कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं, त्यात तारा टाकायच्या, कोणती तार किती लांब ते कॉम्प्युटरनेच सांगायचं, आणि कारागिराने त्या मापाने तारा कापायच्या. त्यासाठी आधी पॅनलमध्ये लागणारी प्रत्येक वस्तू सॉफ्टवेअरला ओळखीची करून द्यावी लागते. ते काम माझ्याकडे आलं. मी कमी बोलते आणि बसल्या जागेवरून उठत नाही, ही माझी ऑफिसातली ख्याती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्याही वस्तूचं चित्र आणून ठेवता येतं. चारी बाजूंनी फिरवता येतं, रंग देता येतो. पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो एक ठोकळा असतो. तुम्ही विजेचा रिले ठेवा नाहीतर वीट ठेवा, त्याला फरक कळत नाही. तार त्याच्याकडे जातच नाही. मग त्याला एकेक गोष्ट सांगावी लागते. ही वस्तू विजेची आहे. हिचं काम मोटार चालू-बंद करणं. हिच्यात तारा जोडायच्या इतक्या जागा, पहिलीचं नाव हे, दुसरीचं हे. जागा नेमकी कुठे ते बोट ठेवून दाखवायचं. आणि तिथे तार कोणत्या दिशेने येते तेही सांगायचं. त्यासाठी एक लहानसा बाण असतो, तो वळवून ठेवायचा. एवढं सांगून झालं की ठोकळा ठोकळा राहत नाही. मग तारा वाट शोधत आपणहून त्याच्यापाशी येतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ पडद्याकडे बघत बसले होते. ओळख करून दिल्यावर कुणी असं वागतं, हे माणसांच्या बाबतीत मला फारसं अनुभवाला आलेलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात, पोळ्याच्या महिनाभर आधी, बाबांना पॅरालिसिसचा झटका आला होता.

बाबा रेल्वेत इलेक्ट्रिशियन होते. हिंगणघाटहून नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर ते राइस मिलची पॅनल दुरुस्त करत हिंडायचे. भनपुरीपासून बीरगांवपर्यंत निम्मे वायरमन त्यांच्या हाताखाली शिकलेले. ते सगळे त्यांना 'कका' म्हणत. छत्तीसगढीत काकाला कका म्हणतात. दिवसातून दहा वेळा तरी बाबांचा फोन वाजायचा. "कका, मोटर उल्टी घूम रही है." "कका, रिले चिपक गया." बाबा जेवताना फोन खांद्यात दाबून, भाकरीचा तुकडा हातात धरून उत्तरं द्यायचे आणि आई म्हणायची, "त्या फोनलेच वरन वाढा आता."

झटक्यानंतर उजवा हात महिन्याभरात बराचसा परत आला. पायही आला. शब्द आले नाहीत. समजत सगळं होतं. आपल्याला काय म्हणायचं आहे तेही त्यांना ठाऊक असायचं. फक्त त्या वस्तूचं नाव तोंडापर्यंत येईना, किंवा वाटेत दुसऱ्याच वस्तूचं नाव त्याची जागा घेई. समता कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या. सफरचंद. कुत्रा. खुर्ची. बाबा दोन-तीन कार्डांना ओठ हलवून बघायचे आणि मग खिडकीकडे तोंड फिरवायचे. सत्तरीच्या माणसाला सफरचंदाला सफरचंद म्हणता न येणं कसं वाटत असेल, याचा विचार मी त्या वेळी पुरता केला नव्हता. मला फक्त त्यांच्या हट्टीपणाचा राग यायचा.

घरी फोन वाजे. बाबा तो उचलून आईच्या हातात देत. आई सगळ्यांना एकच सांगायची, "आराम चल रहा है, भैया. अभी बात नहीं करते." हळूहळू फोन यायचे कमी झाले. ज्यांना माहीत होतं ते करत नव्हते, ज्यांना माहीत नव्हतं त्यांना बाकीचे सांगत होते.

एके दुपारी मी वाळत घातलेले कपडे आणायला मागच्या अंगणात गेले. बाबा तिथे पाण्याच्या टाकीमागे, भिंतीकडे तोंड करून उभे होते. फोन कानाला. ओठ हलत होते. मी थबकले. मग दिसलं, फोनचा पडदा काळा होता. पलीकडे कुणी नव्हतं. ते सराव करत होते. "ह...हा..." एवढंच ऐकू आलं, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा तेच. मी कपडे न घेता परत आले. त्या दिवशी मला कळलं की बाबांना काय हवं आहे. आमच्याशी बोलणं त्यांनी खुणांवर भागवलं असतं. त्यांना फोनवर बोलायचं होतं, जिथे हातवारे पोहोचत नाहीत, नुसते शब्दच पोहोचतात. पुन्हा कुणीतरी अडावं आणि त्यांना विचारावं, एवढंच.

हे मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले ठाव हाय. आठ दिवसापासून करून राहिले. मी टाकीकडे जातच नाही त्या वक्ती."

आई दिवसभर एकटी पडायची म्हणून सेठजींनी मला घरून काम करायची सूट दिली. ऑफिसचा लॅपटॉप घरी आला, आणि त्याबरोबर एक खोकं. प्रत्येक वस्तू मोजूनच तिची माहिती भरायची असल्यामुळे खऱ्या वस्तू जवळ लागत. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टर्मिनल, टाइमर, पुशबटन, इंडिकेटरचे लाल-हिरवे दिवे. मी खोकं दिवाणावर बाबांच्या पायाशी ठेवलं आणि चहा करायला आत गेले. परत आले तर खोकं रिकामं होतं आणि सगळ्या वस्तू चादरीवर ओळीने मांडलेल्या होत्या, पॅनलमध्ये वरून खाली जशा लागतात त्याच क्रमाने. बाबांच्या हातात ओव्हरलोड रिले होता, मोटारीवर जादा भार आला की ती बंद पाडणारा. ते अंगठ्याने त्याची छोटी चकती फिरवत होते.

"ओव्हरलोड," ते म्हणाले. स्वच्छ. मग मान हलवून पुन्हा म्हणाले, "ओव्हरलोड रिले."

मी कप तसाच धरून उभी राहिले. आई दारातून म्हणाली, "काय म्हनलं त्याईनं?"

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांना विशेष नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "जो चीज़ हाथ ने पकड़ी है, उसका नाम हाथ से भी लौटता है. कार्ड रहने दीजिए. यही कराइए."

त्या दिवसापासून आमचा एक नेम सुरू झाला. सकाळी ऊन दिवाणावर आलं की मी लॅपटॉप उघडून बसायचे. सॉफ्टवेअर एकेक गोष्ट विचारतं. ती मी मोठ्याने वाचायची. बाबा हातातली वस्तू फिरवून उत्तर द्यायचे. ते बोलल्याशिवाय मी रकाना भरायचा नाही. हे काय आहे. हे काय करतं. तारा किती. कुठून येतात. कधी एका शब्दाला पाच मिनिटं लागत, कधी अर्धा तास. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत जाई, मागून भाजीवाली जाई, आणि आम्ही तिघं एका शब्दाची वाट बघत बसलेलो असू. मला वाट बघायची सवय होती. पुस्तक वाचणाऱ्या माणसाला असते. बाबांना नव्हती. ते चिडायचे, वस्तू चादरीवर आपटायचे आणि जागा बोटाने दाखवायचे.

"बोट नका दाखवू," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. तिला तिथून दिसायचं कसं कुणास ठाऊक. "फोनमंदी बोट दिसते काय?"

बाबा बोट खाली घ्यायचे.

नावांची अदलाबदल मात्र चालूच होती. पॅनलमधले शब्द आधी परत आले आणि त्यांनी घरातल्या शब्दांच्या जागा बळकावल्या. एकदा बाबांनी आईला हाक मारून सांगितलं, "रिले दे." आईने आतूनच उत्तर दिलं, "रिले नाही उकळला अजून. थांबा जरासे." आणि पाच मिनिटांनी चहा आणून ठेवला. मच्छरदाणी 'टाइमर' झाली. चष्मा कितीतरी दिवस 'फ्यूज' होता. शेजारच्या मावशी विचारपूस करायला आल्या, तेव्हा बाबांनी त्यांच्याकडे बघून अगदी आदराने "मोटर" म्हटलं. मावशी गेल्यावर आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की बाबाही हसू लागले. झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते. तोंडाची डावी बाजू उजवीपेक्षा जास्त वर गेली. मला ते हसू आता आधीच्या हसण्यापेक्षा जास्त आठवतं.

आता मागे वळून पाहताना वाटतं, त्या दिवसांत आम्ही दोघंही एकच काम करत होतो. मी एका यंत्राला सांगत होते की हा ठोकळा नाही, याच्याशी संबंध जोडता येतो, तो इथे आणि असा जोडायचा. आणि बाबांच्या डोक्यात कुणीतरी हेच सांगत बसलं होतं. मॅडम म्हणायच्या की जुनी वाट बंद झाली तर मेंदू नवी वाट पाडतो, पण त्याला कुठे जायचं आहे ते माहीत असावं लागतं. त्यांना आमच्या सॉफ्टवेअरबद्दल काही ठाऊक नव्हतं.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा आम्ही टर्मिनलपाशी पोहोचलो. टर्मिनल म्हणजे तारा जोडायचे लहान ठोकळे, पॅनलमध्ये त्यांची लांब ओळ असते. प्रत्येकाला दोन तोंडं. एकात पॅनलच्या आतली तार येते, दुसऱ्यात बाहेरून मोटारीकडून येणारी. बाबा अंघोळीला गेले होते. काम उरकावं म्हणून नेम मोडून मी एकटीनेच ते टर्मिनल भरून टाकलं. कंपनीच्या माहितीपत्रकात चित्र जसं होतं, तसंच मी ते धरलं. बाहेरच्या तारेचं तोंड वर. बाण वर. सॉफ्टवेअरने काही तक्रार केली नाही. मी नमुन्याच्या पॅनलमध्ये टर्मिनलांची ओळ ठेवली आणि मोटारींच्या सगळ्या तारा सरसर वरून, पॅनलच्या छतातून आत आल्या. दिसायला फार देखणं होतं.

बाबा ओल्या केसांनीच आले, पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी ओला पंजा पडद्यावर, पॅनलच्या छतावर, आडवा ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"भुसा," बाबा म्हणाले.

आई तांदूळ पाखडत होती. "भुसा काहून पाह्यजे तुमाले?" तिला वाटलं, पुन्हा कशाचं तरी नाव बदललं. मलाही तसंच वाटलं. मी चष्मा पुढे केला. बाबांनी तो ढकलला. मी टॉवेल दिला. त्यांनी तो जमिनीवर टाकला. मग डोळे मिटून उभे राहिले. आईने सूप खाली ठेवलं. मी काही न बोलता बसून राहिले, कारण तोवर एवढं शिकले होते की आपण मध्ये शब्द सुचवला की त्यांच्या वाटेवर आलेला शब्द मागे फिरतो.

"मिलमंदी," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "वरून भुसा पडते." थोडं थांबले. "वरून भोक नाही पाडत. तार खालून आन."

एवढी वाक्यं एकामागून एक त्यांनी दोन महिन्यांत म्हटली नव्हती. त्यांचं त्यांनाही कळलं. त्यांनी डोळे उघडले, आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि तोंडात वाक्य आहे तोवर अजून एक म्हणून घेतलं, "एवढी शिकली, अन् मिल नाही पाह्यली."

मी मिल खरंच पाहिली नव्हती. दहा-अकरा वर्षं मिलची ड्रॉइंग काढत होते, पण आत कधी गेले नव्हते. राइस मिलमध्ये हवेत सतत भुसा आणि बारीक धूळ उडत असते, ती प्रत्येक आडव्या जागेवर बसते, आणि छताला भोक असेल तर पॅनलच्या आत साचून तारा तापवते. म्हणून इथल्या मिलमध्ये तारा जमिनीतल्या नालीतून येतात आणि पॅनलमध्ये खालून शिरतात. हे इथल्या प्रत्येक वायरमनला ठाऊक आहे आणि कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. मी बाण फिरवला. पडद्यावरच्या सगळ्या तारा वरून निघाल्या आणि खालून आल्या. बाबांनी मान हलवली आणि टॉवेल उचलला.

प्रत्येक वस्तूच्या माहितीत शेवटी टीप लिहायला एक रिकामी जागा असते. तिथे कुणी काही लिहीत नाही. मी त्या दिवशी लिहिलं, 'वरून भुसा पडते. तार खालून आन.' बाबांच्याच शब्दांत. नंतर ती सवय लागली. कॉन्टॅक्टरपुढे आहे, 'आवाज आला तर आधी धूळ पुस, मंग शिव्या दे.' टाइमरपुढे आहे, 'याच्यावर जास्त भरोसा नको.' यंदाच्या सीझनला आमच्याकडे सुनीताजी आल्या आहेत, भिलाईत बरीच वर्षं हेच काम करून. परवा त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "दीदी, ये नोट्स किसके हैं? मैं तो काम छोड़के यही पढ़ रही हूँ." मी म्हटलं, मेरे पिताजी के. "इंजीनियर थे?" मी म्हटलं, वायरमन. त्या परत जाऊन वाचत बसल्या. मग पलीकडून त्यांचा हसण्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. दहा महिन्यांत आमच्या घरी जे येतात ते बाबांच्या आठवणीने आवाज खाली आणून बोलतात. बाबांच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

आणखी एक रकाना होता, तारेच्या लांबीत जादा किती धरायचं याचा. सॉफ्टवेअर जवळची वाट बघून नेमकी लांबी काढतं. मी तिथे शून्य ठेवत होते. बाबांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आपली चार बोटं जुळवून माझ्यापुढे धरली. आई काही म्हणायच्या आत स्वतःच बोटं खाली घेऊन बोलायला लागले. "चार बोटं. जास्त." मग बराच वेळ लागला, पण आलं, "टोक जळते. कापा लागते. मंग तार पुरली पाह्यजे." काही वर्षांनी तारेचं टोक जळतंच. तेवढं कापून पुन्हा जोडायचं तर तार आधीच पुरेशी सैल हवी. मी वस्तू मोजायचं माप घेतलं आणि बाबांची चार बोटं मोजली. अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. तो आकडा भरला. आजही आमच्याकडे कापली जाणारी प्रत्येक तार तेवढी जास्त असते.

असा तो सीझन सरत गेला. नवीन पद्धतीचं पहिलं पॅनल तयार झालं, एका मिलमध्ये जाऊन बसलं. ते बसवायला खेमलाल गेला होता. खेमलाल बीरगांवचा, वीस वर्षं बाबांबरोबर काम केलेला. झटका आल्यावर तो दोनदा येऊन गेला होता, बाबांच्या पायाशी बसून दोन्ही वेळा रडला होता, आणि मग फोन करायचा बंद झाला होता.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. सकाळचे अकरा-साडेअकरा. आई शेजारी फराळाचे डबे परत करायला गेली होती. मी लॅपटॉपवर, बाबा दिवाणावर. त्यांचा फोन वाजला. पडद्यावर खेमलालचं नाव होतं.

बाबांनी फोन उचलून माझ्याकडे केला. मी कीबोर्डवरचे हात काढले नाहीत. आज वाटतं, ती थोडी निर्दयताच होती. पण मला त्या वेळी पाण्याच्या टाकीमागची फोनची काळी काच दिसत होती. फोन वाजत राहिला. मी मान खाली घातली आणि उगाचच कसलासा आकडा खोडून पुन्हा तोच लिहिला. मग वाजणं थांबलं. मला वाटलं कट झाला. वर पाहिलं तर बाबांच्या कानाला फोन होता.

"हलो? चाचीजी?" खेमलालचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. मागे मिलचा खडखडाट. "दीदी? कोई है?"

आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की मी केवढी मोठी चूक केली आहे. दोन महिने आम्ही मराठीत सराव केला होता. खेमलालशी बाबा कायम हिंदीत बोलले होते. मी एकही हिंदी वाक्य त्यांच्याकडून म्हणून घेतलं नव्हतं. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ना माझ्या, ना आईच्या. आमच्या घरात कोणती भाषा कुठे संपते आणि दुसरी कुठे लागते ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

बाबांच्या कपाळाला घाम आला. ओठ हलले. "मी," ते म्हणाले. मग, "मैं. कका."

पलीकडे काही ऐकू येईना, नुसती मिल. मग खेमलाल अगदी हळू म्हणाला, "कका?"

"बोल."

तो बोलायला लागला तो भडाभडा. नया पॅनल लगाया है, सब ठीक है, बस एलिवेटर वाली मोटर चालू होते ही ट्रिप मार रही है. सेटिंग देख ली. तार देख ली. सेठ सर पर खड़ा है, बोल रहा है नया पॅनल ही खराब है. एलिवेटर म्हणजे धान खालून वर चढवणारा पट्टा, आणि ट्रिप मारणं म्हणजे मोटार आपोआप बंद पडणं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी पॅनल काढते, मिल चालवत नाही.

"बेल्ट," बाबा म्हणाले. थांबले. डोळे मिटले. "बेल्ट काढ." मग मान हलवली, हे त्या भाषेतलं नव्हे असं स्वतःलाच सांगितल्यासारखी. "निकाल. बेल्ट निकाल के... मोटर चला. खाली."

"खाली मोटर चलाऊँ?"

"हव."

खाली म्हणजे रिकामी, एलिवेटरला जोडणारा बेल्ट काढून. फोन चालूच राहिला. तिकडे लोखंडावर पाना आपटल्याचे आवाज, कुणीतरी ओरडलं, कुणीतरी हसलं. बाबा तसेच बसून होते, फोन दोन्ही हातांनी धरून. बऱ्याच वेळाने खेमलाल पुन्हा आला.

"चल गई कका. मोटर मक्खन चल रही है."

"तो पॅनल को काहून..." बाबांनी वाक्य तिथेच सोडलं आणि सरळ मराठीत शिरले. "पॅनल चांगलं हाय. माह्या पोरीनं केलं हाय. खाली धान अडकलं असंन. नीचे. साफ कर."

"हव कका," खेमलाल म्हणाला. वीस वर्षांत त्याला बाबांचं मराठी कळायला लागलं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "साफ करके फोन करता हूँ. उठाओगे ना?"

"हव," बाबा म्हणाले.

आई परत आली तेव्हा बाबा दिवाणावर भिंतीला टेकून बसले होते, सदरा पाठीला चिकटलेला, जणू स्वतःच जाऊन बेल्ट काढून आले होते. मी तिला सांगितलं. ती शेजाऱ्यांकडचे आपले डबे घेऊन आली होती. रिकाम्या डब्यांची चळत तशीच हातात धरून दिवाणाच्या कडेला बसली. बाबांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. निम्मे शब्द चुकीचे होते. तिने एकही दुरुस्त केला नाही.

खेमलालने बहुधा त्याच संध्याकाळी बीरगांवभर सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी तीन फोन आले. आठवड्याभरात बाबांना जेवायला उठवणं पुन्हा कठीण होऊन बसलं. सगळे शब्द कधीच परत आले नाहीत. काही आले ते वाकडे आले. थकले की हिंदी-मराठी एकमेकींत अडकायच्या आणि मध्येच ते बंद पडायचे. पण ते त्यानंतर दोन वर्षं आणि वर काही महिने होते, आणि तेवढे सगळे दिवस बोलत होते. मी या दहा महिन्यांत जेव्हा जेव्हा त्यांना आठवायला बसते, तेव्हा हॉस्पिटलमधला शेवटचा आठवडा आपणहून मागे राहतो आणि हा काळ पुढे येतो. याबद्दल मला सुरुवातीला अपराधी वाटायचं. आता वाटत नाही.

शेवटच्या सीझनची एक संध्याकाळ आहे. मी ऑफिसातून आले तर बाबा फाटकापाशी उभे, फोन कानाला, कुणाला तरी काहीतरी समजावत. मी स्कूटी लावेपर्यंत त्यांचं बोलणं अडलं. शब्द सापडेना. त्यांनी डोळे मिटले, एक हात फाटकावर ठेवला. मी डोक्यावरचं हेल्मेट न काढता तिथेच थांबले. फोनमधून मिलचा आवाज येत होता, खडखड, खडखड, एकसारखा. पलीकडे कोण होतं मला माहीत नाही. त्याने "हलो, हलो" केलं नाही, फोन ठेवला नाही, मध्ये शब्द सुचवला नाही. त्याचं काम अडलेलं होतं, मिल खोळंबली होती, तरी तो थांबून राहिला. त्या माणसांनी हे कधी आणि कुणाकडून शिकून घेतलं, कुणास ठाऊक. रस्त्यावरून धानाची एक ट्रॉली गेली, मागून दुसरी गेली. मग बाबांनी डोळे उघडले आणि ते पुढचं सांगू लागले.